रान तापलं की चालवायचं

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'जमीन' हा विषय दिला तेव्हा सातबारा, भूसंपादन, सेंद्रिय कर्ब असं बरंच काही डोक्यात येऊन गेलं. पण मला जायचं होतं लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यात, आणि तेही भर वैशाखात. तिथे जानवळच्या आसपास कारवानी कुत्र्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. उंच, सडपातळ, खोल छातीचं, आत ओढलेल्या पोटाचं, लांब निमुळत्या तोंडाचं हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यांवर चालतं. लांबवर काही हललं की ते सुटतं. इतक्या वेगानं सुटणारं जनावर दारात बांधलं, की मालकाला पायाखालची जमीन रोज नव्यानं पाहावी लागते. आज ती ओली आहे की वाळली, भेगाळली की भुसभुशीत, तापली की निवली, हे त्याला कुत्रं सोडायच्या आधी माहीत असावं लागतं.

हिवाळ्यात ही कुत्री पळताना पाहायला लोक येतात, व्हिडिओ काढतात. उन्हाळ्यात त्यांना कसं सांभाळतात हे पाहायला कुणी येत नाही. कारवानीचं पुढचं सगळं आयुष्य मात्र त्या चार महिन्यांतच ठरतं, असं तिथल्या जुन्या लोकांचं ठाम मत आहे. तिथून परतलो तेव्हा ते माझंही मत झालं होतं.

काळ्या रानाची भेग

मी ज्यांच्याकडे उतरलो ते मामा साठीच्या पुढचे. पाच-सहा एकर काळी, थोडी मुरमाड माळाची जमीन, दोन म्हशी आणि तीन कारवानी. 'हरणी' नावाची बदामी रंगाची कुत्री त्यांची सर्वांत लाडकी. पहिल्याच सकाळी त्यांनी मला आधी कुत्री दाखवली नाही, रान दाखवलं.

"हात घाला हितं," ते म्हणाले. ज्वारी काढून झालेल्या वावरात एक भेग वळत वळत बांधापर्यंत गेली होती. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला, तरी तळ लागला नाही. "आता ह्यात पळत्या कुत्र्याचा पाय गेला तर काय ऱ्हातंय सांगा."

मराठवाड्यातली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. चिकणमातीच्या कणांचा तो स्वभाव. पावसाळ्यात ज्या वावरात बैल घोट्यापर्यंत रुततो, तेच वावर चैत्रात टणक होऊन जागोजागी फाटतं. नांगरट झालेली असेल तर ढेकळं पडतात. वाळलेलं ढेकूळ वरून मातीचं दिसतं, पण पायाखाली सहजी फुटत नाही, उलटतं, आणि त्याच्याबरोबर पाऊलही वळतं. ज्वारीची धसकटं विळ्यानं तिरकी कापलेली असतात. त्यांची टोकं वाळून इतकी धारदार होतात, की पातळ चपलेतूनही टोचतात. तुरीची आणि कापसाची खोडं त्याहून जाड. बांधावर सराटे, वाटेवर बाभळीचे काटे, माळावर कुसळी गवत.

मामांनी हे सगळं चालता चालता पायानं दाखवलं. कुठल्या वावरात कधीच सोडायचं नाही, कुठून साखळीनं धरून न्यायचं, कुठे निदान सकाळी मोकळं सोडता येतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. शेजारच्याचा उसाचा फड, त्याला आदल्या दिवशी पाणी दिलंय की नाही, हेसुद्धा त्यांना ठाऊक. ओल्या सरीच्या कडेची पट्टी मऊ असते, म्हणून त्या बाजूनं चक्कर मारायची.

अर्ध्या मिनिटाची धाव

हे कुत्रं पळतं कसं, ते समजलं की जमिनीचं एवढं का, हेही कळतं. कारवानी भरधाव सुटलं की एका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा हवेत असतात. एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना, एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. सगळा भार क्षणभर एखाद्या पावलावर येतो, आणि ते पाऊल आपल्या तळहाताहूनही लहान असतं.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या अशरवुड आणि विल्सन या संशोधकांनी २००५ मध्ये ग्रेहाउंडांच्या धावेचा अभ्यास प्रसिद्ध केला. वळणावर माणूस धावताना वेग कमी करतो, कारण पायांना वाढलेला भार पेलत नाही. ग्रेहाउंड वळणावरही वेग कमी करत नाही. त्याच्या पायांवरचा भार ६५ टक्क्यांनी वाढतो आणि तो तसाच धावत राहतो. कारवानी हा ग्रेहाउंड नव्हे. तो त्याच्याइतका वेगवान नाही, पण जास्त काटक आणि खडबडीत रानात जास्त वेळ टिकणारा आहे. शरीराची ठेवण मात्र त्याच जातकुळीची. वळणावर न थांबणं हा गुणही तोच.

मला या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. कुत्रं स्वतः थांबत नाही. रान टणक आहे, पाय दुखतोय, अंग तापलंय, म्हणून जरा सबुरीनं घ्यावं, असं समोर ससा किंवा चेंडू दिसत असताना त्याला वाटतच नाही. मामांच्या भाषेत, "त्येला अक्कल पळायची हाय, थांबायची आपल्याला पाहिजे."

टणक जमिनीवरची इजा बहुतेक वेळा त्याच दिवशी दिसत नाही. बोटांच्या सांध्यांना सूज येते आणि उतरते. पुढच्या पायाच्या मनगटामागे एक छोटी गादी असते. भरधाव कुत्रं थांबताना किंवा वळताना ती जमिनीला घासते आणि कडक रानात सोलून निघते. नखं मुळाशी तडकतात. शर्यतीच्या ग्रेहाउंडांमध्ये मागच्या पायाच्या घोट्यातलं एक लहान हाड मोडण्याचं प्रमाण मोठं आहे. पशुवैद्यकांनी त्याचा माग काढला तेव्हा ते एका धावेत मोडत नाही, रोजच्या दणक्यांनी आधीच कमजोर झालेलं असतं, असं दिसलं. म्हणूनच परदेशात शर्यतीच्या धावपट्टीवर वाळू असते आणि शर्यतीआधी तिच्यावर पाणी मारतात. चाकूरच्या माळावर पाणी मारायला कोण जाणार? तिथे शहाणपण एकच: त्या दिवसांत पळवायचं नाही.

अंगातला ताप

दुसरा शत्रू ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा घाम पावलांच्या गाद्यांना येतो, पण अंग निवायचं ते मुख्यतः धापेवर. जिभेवरून आणि नाकातल्या ओल्या पडद्यावरून पाण्याची वाफ होते आणि रक्त निवतं. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ताकदीचा मोठा भाग उष्णता होऊन अंगातच साठतो. ग्रेहाउंडाची शर्यत साधारण अर्ध्या मिनिटाची. ऑस्ट्रेलियात अशा शर्यतींनंतर कुत्र्यांचं तापमान मोजलं, तेव्हा ते सरासरी दोन अंश सेल्सिअसनं चढलेलं आढळलं. हे अर्ध्या मिनिटात. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०६च्या आसपास गेलं की धोका सुरू होतो. शिवाय धाव थांबल्यावरही काही मिनिटं ते चढतच राहतं.

वैशाखात लातूरचा पारा चाळिशीपार असतो. उघडी काळी जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. आणि मृगाच्या तोंडावर जेव्हा आभाळ भरून येतं, अंग चिकचिकतं, तेव्हा लोकांना वाटतं, ऊन उतरलं, आता हरकत नाही. हाच मोठा घात आहे. हवेत आधीच ओल असेल तर जिभेवरची वाफ होत नाही, आणि कुत्रं कितीही धापलं तरी निवत नाही.

ऊन लागलेलं ओळखायचं कसं हे मामांच्या धाकट्या मुलानं मला हरणीच्या तोंडाशी बसून समजावलं. नुसती धाप असेल तर जीभ लांब आणि निमुळती. ताप चढला की तीच जीभ टोकाला रुंद होते, फावड्यासारखी पसरते, लाळ तारेसारखी चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात. मग पाय लटपटतात. तिथून पुढे उलटी, हगवण, रक्त. तोवर उशीर झालेला असतो.

अशा वेळी जुनी रीत म्हणजे ओलं पोतं अंगावर टाकून सावलीत निजवायचं आणि गाडी शोधायची. यात एक दुरुस्ती हवी. ओलं पोतं तसंच अंगावर राहिलं तर थोड्या वेळात ते गरम होतं आणि खालची उष्णता कोंडतं. आता पशुवैद्यक सांगतात ते सरळ आहे: आधी निववा, मग दवाखान्यात न्या. सावलीत घ्या, पोट, जांघा, छाती, पाय सगळ्यांवर पाणी ओतत राहा, आणि वारा घाला. पंखा असेल तर पंखा, नसेल तर सुपानं. विहिरीचं पाणी उत्तम. पाणी आणि वारा दोन्ही मिळाले तरच उष्णता निघते. तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नये, ते श्वासात जातं. आणि कुत्रं उठून उभं राहिलं, शेपूट हलवलं, म्हणून दवाखाना टाळू नये. आतल्या अवयवांची इजा पुढच्या दिवसांत दिसते.

चालण्याचे दिवस

मग उन्हाळाभर करायचं काय? बांधून ठेवलं तर कुत्रं सुटतं, म्हणजे अंगानं ढिलं पडतं, आणि वैतागून साखळी चावतं. या प्रश्नाचं मामांचं उत्तर एका शब्दाचं आहे: चालवायचं.

चार वाजता उठणं. तांबडं फुटायच्या आत वाटेला लागणं. दोन कुत्री दोन हातांत, तिसरी मुलाकडे. पट्टा रुंद चामड्याचा, कारण या कुत्र्यांची मान लांब आणि डोकं अरुंद. साधा पट्टा झटक्यात निसटतो. वाट ठरलेली. आधी पाणंदीचा फुफाटा, जिथे पाऊल मऊ बसतं. मग माळाच्या कडेचा बारीक मुरूम, थोडाच. पुन्हा फुफाटा. पावलाच्या गाद्या घट्ट व्हायला मुरूम लागतो, पण अति झालं की त्याच सोलतात. चाल एकसारखी, माणसाच्या भरभर चालीची, मध्ये मध्ये दुडकी. झेप कुठेच नाही. मी मागून धापा टाकत होतो, कुत्री मात्र नुसती तरंगत चालली होती.

"ह्यानं काय हुतंय," मामा चालता चालता सांगत होते, "मांड्या भरत्यात, दम भरतो, पाऊल टणक हुतंय. पळायचं काय, ते त्येच्या रगतातच हाय. ते शिकवायची गरज न्हाई."

हे मला फार पटलं. इंग्लंडात कोर्सिंगचे, म्हणजे सशामागे सोडायचे, ग्रेहाउंड हिवाळ्यात पळवत आणि त्याआधी त्यांना मैलोगणती चालवून तयार करत. त्या लोकांना आणि चाकूरच्या शेतकऱ्याला एकच गोष्ट स्वतंत्रपणे सुचली, कारण कुत्र्याच्या पायानंच ती दोघांना शिकवली.

सूर्य हातभर वर आला की परत फिरायचं. संध्याकाळी चालवता का, असं विचारल्यावर मामांनी उलटा तळहात जमिनीवर ठेवायला सांगितलं. तेव्हा सात वाजले होते, वारा सुटला होता, माणसं ओट्यांवर येऊन बसली होती. मुरमावर हात काही क्षणच टिकला. हवा निवते, जमीन उशिरापर्यंत ऊन धरून ठेवते, आणि कुत्रं चालतं ते जमिनीवर. म्हणून संध्याकाळी फक्त ओट्याभोवती, शेणानं सारवलेल्या अंगणात.

नदीच्या वाळूचा विषय निघाला. मऊ म्हणून पुष्कळ जण मांजरा नदीच्या पात्रात कुत्री पळवतात. मामांना ते नापसंत. भुसभुशीत खोल वाळूत बोटं फाकतात, शिरा ओढल्या जातात. ओल्या काठाची वाळू दाबून बसलेली असते, तिथे चालवायला हरकत नाही.

कंदिलाऐवजी मोबाइल

दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम रात्रीच्या जेवणाआधी होतं. मामी अंगणात गोणपाट टाकतात. हरणी आपणहून त्यावर आडवी होते आणि पाय पुढे करते. मुलगा मोबाइलचा दिवा धरतो. मामी एकेक बोट फाकवून आतली कातडी पाहतात. अंगठ्यानं प्रत्येक गादी दाबतात आणि तेवढ्या वेळात कुत्रीच्या डोळ्यांकडे बघतात. दुखलं तर ती पाय ओढत नाही, फक्त डोळे बारीक करते.

त्या रात्री पुढच्या उजव्या पायात, मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात, एक कुसळ सापडलं. अर्ध्याच्या वर आत गेलेलं. कुसळाला उलटे बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. वेळीच काढलं नाही तर कातडीखालून वर चढत जातं आणि कुठेतरी गळू होतं. गळू फोडून पू काढला तरी कुसळ आतच राहतं, आणि जखम महिना-दोन महिन्यांनी पुन्हा वाहते. मामींनी शिवायची सुई ज्योतीवर धरली, मग मिठाच्या पाण्यात बुडवली, कुसळाचं शेपूट नखात धरून हळूच ओढून काढलं. गोणपाटावर ठेवून मला दाखवलं. गव्हाच्या दाण्याएवढं.

"एवढं चुकलं आसतं तर जूनपातुर लंगडली आसती," त्या म्हणाल्या.

त्यानंतर कानांच्या आत, शेपटीखाली, बोटांमध्ये गोचिड पाहणं. उन्हाळ्यात गोचिड वाढतात आणि त्यांच्यामुळे येणारा ताप या कुत्र्यांना हडकवून टाकतो. आधीच अंगावर चरबी नसते, त्यामुळे रोडावलेलं लवकर लक्षातही येत नाही. भेगाळलेल्या गादीला हळद आणि खोबरेल. तेही रोज नाही, कारण रोज तेल चोळलं की पाऊल मऊ पडतं आणि मुरमावर फाटतं. मग ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, कधी एक अंडं. जेवण झाल्यावर कुत्री बांधूनच. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट भरल्या पोटी उड्या मारल्यानं आतल्या आत फिरू शकतं आणि त्यातून काही तासांत जीव जातो.

शिकार गेली, कुत्रं राहिलं

कारवानी हे नाव काफिल्यांवरून, म्हणजे कारवानांवरून आलं असं सांगतात. त्याच घराण्याचा कर्नाटकातला भाऊ म्हणजे मुधोळ हाउंड. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली आणि एक जोडी इंग्लंडचे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली. भारतात केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्यांना कॅरवान हाउंड म्हणून नोंदवतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. लांब केसांच्या झालरीचा तो पश्मी. २००५च्या जानेवारीत टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. २०१६ मध्ये सैन्यानं मुधोळची पिल्लं मेरठच्या आपल्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. २०२०च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींचा उल्लेख केला, त्यानंतर मागणी एकदम वाढली.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नाही. या कुत्र्याचं मूळ काम आता गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससा, काळवीट, चिंकारा यांची शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं. माळावरचे काळवीट आधीच थोडे उरलेत, आणि मोकळी सुटलेली शिकारी कुत्री त्यांच्या पाडसांचा जीव घेतात. तरीही कुठे कुठे चोरून हे चालतं. त्याचं कसलंही समर्थन मला करता येणार नाही. मामांच्या वडिलांनी ससे धरले, मामांनी तरुणपणीच ते सोडलं. आता कुत्री शेताची राखण करतात, रात्री भुंकतात, आणि हिवाळ्यात दोरीला बांधलेल्या चिंधीमागे पळतात.

पण शिकारीबरोबर तिचं वेळापत्रकही गेलं. शिकार असायची ती पिकं निघाल्यावर, थंडीत, रानात अजून थोडी ओल असताना. उन्हाळ्यात कुणी जातच नसे, त्यामुळे कुत्र्याला आपोआप विसावा मिळे. आता चिंधी बारा महिने ओढता येते आणि मोटारसायकल कधीही सुरू होते. जत्रेतल्या शर्यती, मोबाइलवरचे वेगाचे व्हिडिओ, यांना ऋतू नाही. मामांच्या मुलाच्या मित्रानं फटफटीच्या वेगकाट्यावर कुत्र्याचा वेग मोजायला ते डांबरी रस्त्यावरून पळवलं होतं. चारही पायांच्या गाद्या उतरल्या. फटफटीच्या वेगाला कुत्र्यानं जुळवून घेतलं, कारण मालक पुढे चालला होता आणि मागे राहणं त्याला माहीत नव्हतं.

डांबर आणि फरशी

शहरात गेलेल्या पिल्लांची अवस्था याहून अवघड आहे, कारण तिथे मऊ जमीन शोधूनही सापडत नाही. सोसायटीत पेव्हर ब्लॉक, बाहेर डांबर, बागेत कुत्र्यांना मनाई, आणि घरात गुळगुळीत फरशी, जिच्यावर पिल्लाचे पाय फाकतात. वाढीच्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात. त्या भरून यायला या आकाराच्या कुत्र्याला वर्ष, कधी थोडं जास्त लागतं. तोवर टणक जमिनीवर रोज पळवणं, जिने चढवणं, चेंडूमागे उड्या मारायला लावणं म्हणजे पुढच्या लंगडण्याची तयारी.

पण शहरातही हे कुत्रं चांगलं राहू शकतं. दिवसाचा बराच वेळ ते झोपून काढतं. त्याला रोजची लांब चाल हवी, पहाटेची, कडेच्या मातीवरून. आठवड्यातून एक-दोनदा कुंपण असलेलं मातीचं मैदान हवं, जिथे हिवाळ्यात आणि पावसाळ्याच्या उघडीपीत मोकळं सोडता येईल. कुंपण आवश्यकच, कारण एकदा नजर लागली की हाक ऐकू येत नाही. घरात जिथे वावर असेल तिथे सतरंजी. एवढी तयारी असेल तर घ्यावं.

वाफसा

मृगाचा पाऊस पडला की लगेच कुत्री सोडतात का? नाही. भेगा वरून मिटलेल्या दिसतात, आतून अजून पोकळ असतात. वर चिखलाचा थर, खाली कोरडी टणक जमीन. यावर मागचा पाय घसरला तर जांघेतला स्नायू फाटतो आणि ती इजा उन्हाळ्यातल्या कुठल्याही इजेहून वाईट. पेरणीला जशी वाफशाची वाट पाहतात तशीच मामा कुत्र्यांसाठी पाहतात. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि टिचकी मारली की फुटावा. तशी जमीन पाऊल धरून ठेवते आणि सोडतेही.

पण तोवर पेरण्या झालेल्या असतात, रान मोकळं नसतं. म्हणून मामा मुगाची वाट बघतात. मूग सगळ्यात आधी निघतो, खोडं बारीक आणि मऊ असतात, रानात ओल असते. वर्षातली पहिली मोकळी धाव त्या पट्टीत, सरळ रेषेत, वळण न देता, एकच. नंतर अर्धा तास चालवून घरी. पुढची दोन-तीन दिवसांनी, आधी पाय तपासून.

मी निघायच्या आदल्या दिवशी एक गिऱ्हाईक येऊन गेलं. गाडी मोठी, माणूस मोकळा, पैसे रोख. मामांनी त्याला विचारलं, "कुठं फिरवणार?" त्यानं उत्साहानं सांगितलं, घराजवळच नवा बाह्यवळण रस्ता झालाय, सकाळी रिकामाच असतो, गाडीबरोबर पळवीन. मामांनी हरणीच्या पिल्लांतलं त्यानं निवडलेलं पिल्लू परत टोपलीत ठेवलं आणि, "दादा, तुमाला जमणार न्हाई, दुसरं कुत्रं बगा," म्हणून त्याचा विसार त्याच्या हातात दिला. दिवाळीपर्यंत थांबा, एकदा रानात येऊन आमच्याबरोबर चाला, मग बोलू, असंही सांगितलं. तो चिडून गेला. ते पिल्लू नंतर उदगीरकडच्या एका शेतकऱ्यानं नेलं. त्याच्याकडे विहिरीकाठी दोन एकर गवताळ पड जमीन आहे.